अडलं की शेजारी बसायचं

होमस्कूलिंग करणाऱ्या घरात एक प्रश्न ठरलेला असतो, आणि तो बहुधा पाहुण्यांनी चपला काढता काढताच विचारलेला असतो. "शाळेत घालत नाही म्हणता, मग दिवसभर करते काय ती?" त्यावर आपण काय काय सांगत नाही! वाचते, कुंड्या लावते, पोहायला जाते, आजोबांबरोबर बँकेत जाऊन स्लिपा भरते. समोरचा चेहरा ढिम्म. मग आपण हळूच पुस्ती जोडतो, "आणि ऑनलाइन कोडिंग शिकते." चेहरा लगेच खुलतो. "असं होय! मग हरकत नाही."

खरं सांगू का, आपल्यापैकी कितीतरी घरांत कोडिंगचा कोर्स शिरला तो या 'हरकत नाही'साठी. मुलांना मजा येईल हे खरं, पुढे उपयोगी पडेल हेही खरं. पण शाळा सोडल्यावर आपल्या हातात दाखवण्यासारखं फारसं उरत नाही. प्रगतिपुस्तक नाही, गॅदरिंगचा फोटो नाही, 'आमचीचा तिसरा नंबर आला' नाही. कोर्समध्ये मात्र टक्के असतात. 38 टक्के पूर्ण, 52 टक्के पूर्ण. अर्ध्या रात्री जाग आली आणि 'आपण पोरांचं नुकसान तर करत नाही ना' या विचाराने झोप उडाली, की ते टक्के आठवून जरा डोळा लागतो.

त्यात 2020 च्या लॉकडाऊनमधल्या जाहिराती आठवा. सहा-सात वर्षांच्या मुलाने अ‍ॅप बनवलंय आणि ते विकत घ्यायला मोठमोठे लोक दाराशी भांडतायत. त्यातल्या काही जाहिराती पुढे मागेही घ्याव्या लागल्या. पण एकदा मनात भरलेली धास्ती काही मागे घेता येत नाही. 'आपलंच पोर मागे राहणार' हे तेव्हा जे डोक्यात बसलं, ते अजून निघालेलं नाही.

आता कोर्सचं बोलू. ज्याला जेवढा वेळ लागेल तेवढा घ्या, कधीही बसा, अशा पद्धतीच्या या कोर्सला ना तास असतो ना बाई. व्हिडिओ बघायचा, दिलेलं उदाहरण सोडवायचं, बरोबर आलं की हिरवी खूण आणि पुढचा धडा. आपल्यासारख्यांना हे ऐकूनच गार वाटतं. शाळेतून काढताना आपण हेच तर म्हणत होतो, की घाई नको, तिच्या कलाने होऊ दे.

मग एका सोमवारी लेक पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे चार धडे एका बैठकीत उरकते आणि पुढे दोन आठवडे लॅपटॉपकडे ढुंकूनही बघत नाही. दोन-तीन दिवस आपण शहाण्यासारखे गप्प बसतो. नंतर भाजी चिरता चिरता, अगदी सहज आवाजात विचारतो, "काय गं, तुझं ते पायथन कुठवर आलं?" हा आपला सहज आवाज मुलं बरोबर ओळखतात. मान वर न करता "चाललंय" म्हणतात. त्या 'चाललंय'वर आपल्या पोटात गोळा येतो, आणि संध्याकाळी नवऱ्यापुढे आपणच वकील आणि आपणच फिर्यादी होऊन बसतो.

इथे एक आकडा सांगते, मला त्याने फार धीर दिला. हार्वर्ड आणि अमेरिकेतल्या एमआयटीने (आपल्या कोथरूडच्या नव्हे) आपल्या ऑनलाइन कोर्सेसच्या पहिल्या वर्षाचा हिशोब 2014 मध्ये मांडला होता. साडेआठ लाखांच्या आसपास नावनोंदण्या झाल्या होत्या, आणि प्रमाणपत्रापर्यंत पोचले होते साधारण 43 हजार. म्हणजे शंभरातले पाच. यातले बहुतेक जण मोठी माणसं होती, स्वतःहून नाव घातलेली. कुणी डोकावून गेलं असेल, कुणी हवं तेवढं शिकून निघून गेलं असेल. आपल्याही फोनवर असा एखादा अर्धवट योगाचा नाहीतर जर्मनचा कोर्स पडलेला असतोच की. आणि अकरा-बारा वर्षांच्या पोराने मात्र एकट्याने बसून 100 टक्के करून दाखवावं, ही आपली अपेक्षा.

एकट्याने. माझं मन अडकतं ते इथे.

आपली मुलं शाळेत जात नाहीत. त्यातून कोर्सही असा, की त्यात ना बाई ना वर्गमित्र. दोन्ही मिळून ते पोर किती एकटं पडतं, याचा आपण फारसा विचार करत नाही. आपलं लक्ष टक्क्यांकडे. शाळेचे सगळे दोष मान्य करूनही एक गोष्ट कबूल करायला हवी. चाळीस पोरांच्या वर्गात गणित अडलं, की मूल डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारच्या वहीत बघतं. तिथेही पान कोरं. किती हायसं वाटतं! म्हणजे गणितच अवघड आहे, मी ढ नाही. बाईसुद्धा फळ्याशी क्षणभर थबकतात, पुसून पुन्हा लिहितात. ऑनलाइन कोर्समधला दादा कधीच थबकत नाही. तो टाइप करतो, बटण दाबतो आणि चालतं. पहिल्या फटक्यात. कारण जिथे चाललं नाही तो भाग कापून टाकलेला असतो, हे आपल्याला कळतं. पोराला कोण सांगणार?

पोर तेच, अगदी तसंच टाइप करतं आणि स्क्रीनवर लाल अक्षरं येतात. पुन्हा करतं, पुन्हा लाल. दादाचं चाललं, माझं चालत नाही, म्हणजे मीच मठ्ठ, हा हिशोब मुलं फार पटकन करतात. आणि तो आपल्याला सांगत नाहीत. कुणी कीबोर्डवर हात आपटतं, कुणाचं पोट दुखायला लागतं, कुणी गुपचूप झाकण मिटून सायकल घेऊन बाहेर पडतं. सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे "मला कंटाळा आला." आपण ते जसंच्या तसं घेतो आणि चिकाटीवर प्रवचन सुरू करतो. माझा अनुभव असा, की कोडिंगच्या बाबतीत 'कंटाळा आला'चा अर्थ पुष्कळदा 'अडलंय आणि सांगायची लाज वाटतेय' एवढाच असतो.

अशा वेळी काय करायचं? माझ्या मते, फक्त शेजारी जाऊन बसायचं. "पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," असं तुम्ही म्हणाल. उत्तमच! प्रोग्रॅमर मंडळींत एक जुनी युक्ती आहे. प्रोग्रॅम अडला की टेबलावर एक रबरी बदक ठेवायचं आणि त्याला एकेक ओळ समजावून सांगायची, ही ओळ काय करते, तिच्यानंतर काय होतं. सांगता सांगता चूक आपली आपल्याला दिसते. 1999 च्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकामुळे ही युक्ती जगभर पोचली. बदकाला कोडिंग येत नाही, तरी काम होतं. आपल्याला तर मान डोलवता येते आणि "म्हणजे काय गं?" असं विचारताही येतं. बदकाहून आपण बरेच वरच्या दर्जाचे आहोत.

फार तर तीन गोष्टी विचारायच्या. लाल अक्षरांतली सगळ्यांत शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवतेस? पायथनमध्ये काय बिनसलंय ते बहुतेक वेळा त्या शेवटच्या ओळीतच लिहिलेलं असतं, आणि मुलं घाबरून तीच वाचत नाहीत. मग, कितव्या ओळीत म्हणतोय तो? ती ओळ बघायची, आणि तिच्या वरचीही, कारण वरच्या ओळीत कंस उघडून मिटवायचा राहिला की त्याचा ठपका कधी कधी खालच्या ओळीवर येतो. आणि तिसरं, हे चाललं असतं तर काय दिसायला हवं होतं? बस. अर्ध्या वेळा यातच "अरेच्चा!" होतं. ओळीच्या शेवटी अपूर्णविराम राहिलेला असतो, नाहीतर एका ओळीचा समास आत-बाहेर झालेला असतो. राहिलेल्या अर्ध्या वेळा होत नाही. तेव्हा "आज राहू दे, उद्या बघू" म्हणून उठायचं. झोपून उठल्यावर सापडलेल्या चुका आमच्या घरात कमी नाहीत.

ज्या घरात आई किंवा बाबा आयटीत आहेत, तिथे हे जास्त कठीण जातं, असं माझं निरीक्षण आहे. हिंजवडीहून थकून आलेला बाबा पोराचा प्रोग्रॅम बघतो, "अरे, सोप्पंय" म्हणतो, माउस हातात घेतो आणि अर्ध्या मिनिटात चालू करून देतो. प्रेमानेच करतो बिचारा. पण त्या 'सोप्पंय'ने पोराचा चेहरा कसा पडतो, ते त्याला पाठमोरं असल्यामुळे दिसत नाही. अशा बाबांना माझी विनंती एवढीच, की हात खिशात घालून बसा. आणि स्वतःच्या ऑफिसात आज दिवसभर काय अडलं होतं, ते जेवताना सांगा. कामाचा केवढा वेळ असल्याच चुका हुडकण्यात जातो हे पोरांनी बाबांच्या तोंडून ऐकलं, की लाल अक्षरांची भीती कितीतरी कमी होते. कोर्समधला दादा हे सांगत नाही.

मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायची कल्पना ज्यांनी सगळ्यांत आधी गांभीर्याने घेतली, त्या सेमूर पॅपर्ट यांनाही हेच महत्त्वाचं वाटत होतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. आपल्यातल्या काहींनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये लोगोचं ते पडद्यावरचं कासव पुढे-मागे पळवलेलंही असेल. 1980 च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात पॅपर्ट यांचं म्हणणं असं, की शाळेत उत्तर एक तर बरोबर असतं नाहीतर चूक. प्रोग्रॅम मात्र पहिल्याच खेपेला जवळजवळ कधीच बरोबर नसतो. त्यामुळे तिथे बरोबर की चूक हा प्रश्नच नसतो, दुरुस्त कसा करायचा एवढाच असतो. शाळेतल्या लाल शाईपासून मुलांना लांब ठेवायचं म्हणून आपण घरी शिकवायला घेतलं. मग त्या लाल ओळींकडे बघून आपलाच जीव वरखाली होत असेल, तर मुलांनी काय करायचं?

हिरव्या खुणांबद्दलही जरा बोलायला हवं. त्या खुणा मिळवायच्या युक्त्या मुलांना आपल्याआधी सापडतात. व्हिडिओ दीडपट वेगाने पळवायचा, दादाने लिहिलेलं बघून बघून उतरवायचं, खूण मिळवायची. हल्ली तर एआयला प्रश्न डकवला की अख्खा प्रोग्रॅम तयार मिळतो. यात मुलं लबाड आहेत असं मला वाटत नाही. आपण त्यांना टक्के विचारतो, ती टक्के आणून देतात. आपणही लहानपणी विज्ञानाची उत्तरं गाइडातूनच पाठ करत होतो की!

हार्वर्डच्या सीएस50 या प्रसिद्ध कोर्सने 2023 पासून स्वतःचंच एक एआय बदक ठेवलंय. ते मुद्दाम असं बसवलंय, की विद्यार्थ्याला आयतं उत्तर हातात न देता त्याला वाटेवर आणावं. घरातल्या एआयलाही मुलांकडून तसं सांगून ठेवता येतं. "मला उत्तर देऊ नकोस, माझं कुठे चुकतंय त्याचा इशारा दे," हे वाक्य मुलांना शिकवून ठेवावं. पाळतील का? रोज नाही पाळणार. पण उत्तर आणि इशारा यांत फरक असतो, एवढं तरी डोक्यात राहील.

आणि कळलंय की नाही हे बघायचंच असेल, तर टक्क्यांहून सोपी एक गंमत आहे. "हा प्रोग्रॅम जरा बिघडवून दाखव ना." इथला आकडा बदलला तर काय होईल? ही ओळ वर नेली तर? आधी अंदाज सांग, मग करून बघू. बरोबर करून दाखवायला मुलं आढेवेढे घेतात, पण बिघडवायला एका पायावर तयार असतात. ज्याला बिघडवता येतं त्याला समजलेलं असतं. तिथून पुढची पायरी म्हणजे कोरं पान. कोर्स बंद, व्हिडिओ बंद, तुला हवं ते छोटंसं काहीतरी बनव. दहा धडे पुढे गेलेलं मूल कोऱ्या पानापुढे गांगरलं तर घाबरू नका. बहुतेक सगळेच गांगरतात. फक्त पुढचा अकरावा धडा आठवडाभर लांबणीवर टाका.

आता भाषा. आपण मराठीत बोलणारी, मराठीत भांडणारी माणसं. कोर्स इंग्रजीत, तोही बहुतेक वेळा अमेरिकन उच्चारांत. मुलं इंग्रजी समजून घेतात, पण अर्धी ताकद तिथेच जाते, आणि 'मला कोडिंग जमत नाही' आणि 'मला त्याचं बोलणं कळलं नाही' यांतला फरक त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. खाली इंग्रजी अक्षरं लावून व्हिडिओ थांबवत थांबवत बघणं आणि मग तेच मराठीत आपल्याला सांगणं, हा आमच्या घरचा साधा उपाय.

याहून मजेची गोष्ट अशी, की 2008 मध्ये आलेल्या पायथन 3 पासून व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्रॅममध्ये आकडे वगैरे साठवायच्या डब्यांची, नावं देवनागरीतही ठेवता येतात. म्हणजे 'पोळ्या', 'माणसं', 'दूध_किती' अशी नावं चक्क चालतात. इफ, व्हाइल वगैरे पायथनचे स्वतःचे शब्द इंग्रजीच राहतात, आणि कोडमध्ये आकडे लिहायचे ते इंग्रजीच लिहावे लागतात. पण प्रोग्रॅमने विचारलेल्या प्रश्नाला कुणी मराठी आकड्यात उत्तर दिलं, तर पायथनला त्याचा नीट आकडा करून घेता येतो. आमच्या लेकीने पोळ्यांचा हिशोब करणारा प्रोग्रॅम लिहिला. घरात किती माणसं, प्रत्येकी किती पोळ्या, कणीक किती भिजवायची. आजीने चष्मा सावरून 'माणसं' आणि 'पोळ्या' हे शब्द वाचले, मराठी ५ दाबला, उत्तर आलं. त्यावर आजीने कणकेचं माप चुकल्याचं ठणकावून सांगितलं. दोघी संध्याकाळभर त्या मापावर वाद घालत होत्या. कोर्सच्या टक्क्यांत या वादाची कुठेच नोंद नाही. मला मात्र त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, की ही पोरगी प्रोग्रॅमिंग शिकतेय.

कोणता कोर्स घ्यावा हे मला बऱ्याच जणी विचारतात. मी तज्ज्ञ नाही, पण पैशाची घाई करू नका, एवढं नक्की सांगेन. सुरुवातीचं जवळजवळ सगळं फुकट मिळतं. आठ वर्षांच्या पुढच्यांना स्क्रॅच आहे. एमआयटीच्याच मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने केलेलं, 2007 पासूनचं. त्यात टाइप करायची कटकट नाही, रंगीत ठोकळे जोडायचे. ते लॅपटॉपवर उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं, त्यामुळे गावी आजोळी गेल्यावरही अडत नाही. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनिअर. थोड्या मोठ्यांना खान अकॅडमी. सीएस50 मोठ्या मुलांना आवडतं, शिकवणारे डेव्हिड मलन रंगमंचावर असल्यासारखे शिकवतात. पण मुळात तो कॉलेजच्या मुलांचा अभ्यासक्रम आहे, त्यातले गृहपाठ घाम काढतात. बारा वर्षांच्या पोराला तो अर्ध्यावर सोडावासा वाटला तर त्यात नवल नाही.

आणि काही मुलांना हे मोकळं रान मानवतच नाही. आपण होमस्कूलिंगवाले हे कबूल करायला कचरतो. 'कधीही कर' म्हटलं की ती कधीच करत नाहीत, आणि मग मनातल्या मनात झुरतात. त्यांना तारीख लागते. आपल्या आयआयटींच्या एनपीटीईएलवर आठवड्याआठवड्याने धडे आणि त्यांच्या ठरावीक तारखेचे गृहपाठ असतात; मोठ्या, पंधरा-सोळाच्या मुलांना तो ठेका बरा पडतो. लहान मुलांसाठी दुसरं एखादं होमस्कूलिंगवालं घर शोधावं. आठवड्यातून एकदा दोन पोरं एका लॅपटॉपपुढे, एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने बोलायचं, मग अदलाबदल. शेजारच्या वहीतलं कोरं पान बघायला मिळतं ते इथे. भांडणं होतात. होऊ द्यावीत, तेवढ्यात आपला चहा होतो.

होमस्कूलिंग आणि प्रोग्रॅमिंग हे दोन शब्द एकत्र आले, की मुंबईच्या मालविका राज जोशीचं नाव निघतंच. सातवीत असताना आईने तिला शाळेतून काढलं. पुढे तिने इंटरनॅशनल ऑलिंपियाड इन इन्फर्मेटिक्समध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली आणि 2016 मध्ये, दहावी-बारावीचा कागद नसताना, तिला एमआयटीत प्रवेश मिळाला. हे वाचून आपल्याला आधी उभारी येते आणि मागोमाग, खोटं कशाला बोला, घरातल्या सोफ्यावर उलट्या लोळणाऱ्या आपल्या पोराकडे नजर जाते.

ती बातमी मी पुन्हा नीट वाचली, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे ती एकटी नव्हती. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधल्या प्राध्यापकांनी तिला शिकवलं, ऑलिंपियाडच्या शिबिरांत तिच्याच तोडीची मुलं भेटली. तिच्या हुशारीचं कौतुक करताना तिच्या शेजारी कोण कोण बसलं होतं, हे आपण विसरतो. (सहज सांगते, आपल्याकडच्या या ऑलिंपियाडची झोनल इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाड ही फेरी कागद-पेनाने सोडवायची असते. तिचे जुने पेपर फुकट मिळतात. दिवे गेलेल्या दुपारी पोरांपुढे एखादं कोडं टाकून बघा.)

दुसरी गोष्ट कागदाची. एमआयटीने दार उघडलं, पण आपल्या आयआयटींची दारं तिला बंदच होती, कारण बारावी नाही. त्यामुळे कोर्सच्या प्रमाणपत्रांनी फाइल फुगवत बसण्यापेक्षा एनआयओएसची चौकशी वेळेत केलेली बरी. 1989 पासूनची ही मुक्त शाळा, दहावीसाठी वयाची किमान 14 वर्षं पूर्ण लागतात, आणि बारावीला कॉम्प्युटर सायन्स हा विषयही घेता येतो. कोर्सचं प्रमाणपत्र पाहुण्यांना दाखवायला ठीक आहे. कॉलेजच्या खिडकीवर मात्र बारावीचा निकालच मागतात. ही काळजी आपली आहे. ती आपण फॉर्म भरून मिटवावी, म्हणजे पोराच्या पायथनवर तिचा भार पडत नाही.

राहता राहिला सगळ्यांत टोचणारा प्रश्न. सोडू द्यायचं का?

"आज हे सोडलं तर उद्या सगळंच अर्धवट सोडायची सवय लागेल." हे वाक्य माझ्या सासूबाई म्हणतात, माझी आई म्हणते आणि रात्री साडेअकराला माझं मनही म्हणतं. शाळेतल्या मुलांचे पालक म्हणत नाहीत असंही नाही, पण आपल्याला ते जास्त लागतं, कारण आपण आधीच एक मोठी गोष्ट सोडून बसलोय. शाळा सोडली, आता कोर्सही सोडला, लोक काय म्हणतील!

मी हल्ली आधी शोध घेते, की पोर अडलंय, दमलंय, की त्याला खरंच नकोय. अडलेलं असेल तर शेजारी बसलं की दोन-तीन दिवसांत गाडी हलते. दमलेलं असेल, तर सुट्टीनंतर आपणहून झाकण उघडतं. आणि खरंच नको असेल, तर शेजारी बसूनही काही होत नाही, सुट्टी देऊनही काही होत नाही, आणि त्याच काळात ते पोर तबल्याच्या बोलांची वही तासन्‌तास घेऊन बसलेलं दिसतं. अशा मुलाला पायथनपुढे डांबून कुणाचं भलं होणार आहे? प्रोग्रॅमिंग पळून जात नाही. विशीत, तिशीत शिकणारी कितीतरी माणसं आपल्या आसपास आहेत.

ताबडतोब निकाल लावायची गरज नसते. भिंतीवरच्या कालनिर्णयवर पोराबरोबर एक तारीख ठरवावी, महिन्याभराने येणारी. चालू ठेवायचं, बदलायचं की सोडायचं, ते त्या दिवशी दोघांनी बसून बोलायचं. तोवर त्याला वाटलं तर करेल, नाही वाटलं तर नाही करणार. आणि ती तारीख येईपर्यंत त्या विषयावर आपण ब्रही काढायचा नाही, भाजी चिरताना तर नाहीच. पोरांना हे सहज जमतं. आपल्याला पहिला आठवडा जड जातो.